मदत हवी आहे: न्यूटनचा पहिला नियम वेगळा कशाला?

नववीच्या मुलांना गतीचे नियम शिकवते. पहिला नियम म्हणतो, बल लागलं नाही तर वस्तूचा वेग आणि दिशा बदलत नाही; दुसरा बल आणि त्वरण (वेग बदलण्याचा दर) यांचं नातं सांगतो. एका पोराने परवा विचारलं, "मॅडम, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. बल शून्य धरलं की त्वरणही शून्य. पहिला नियम दुसऱ्यातूनच निघतो, मग वेगळा पाठ का करायचा?" प्रश्न बिनतोड आहे. पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही.

माझी समजूत अशी. बसने करकचून ब्रेक मारला की मधल्या वाटेतली पाण्याची बाटली गडगडत पुढे जाते. बसमधून पाहिलं तर तिला कुणीच ढकललेलं नाही, तरी ती निघाली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र दिसतं की तिने फक्त आपला वेग सोडला नाही. म्हणजे दुसरा नियम कुठे उभं राहून लावायचा, हे पहिला नियम ठरवतो. इथपर्यंत ठीक.

पुढे गाडी अडते. बल नाही हे ओळखायचं कसं? त्वरण नाही म्हणून! हे तर गोल गोल फिरणं झालं. शिवाय जमीनही खरी जडत्वीय चौकट (जिथून पाहिल्यावर पहिला नियम खरा ठरतो अशी जागा) नाही. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसला लांबलचक लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवलंच होतं.

या चक्रातून बाहेर कसं पडायचं? आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना गणिताशिवाय ते कसं सांगाल? गॅलिलिओचा उतार (उतारावरून गोळा सोडण्याचा प्रयोग) शिकवून झालाय, तो नको. वर्गात करता येईल असा प्रयोग असेल तर फारच उत्तम.