आत्याची सही, इंग्रजी मसुदा आणि "प्रकरण मिटले"

बांधावरचा

"वाटपाचे दावे कोर्टात रेटणारे लोक पोराबाळांचं वाटोळं करतात, सरळ मध्यस्थीला पाठवा, दोन बैठकीत मिटतं, आणि जो ऐकत नाही त्याच्यावर खर्च बसवा." काल एकाने हे लिहिलं आणि खाली पटापट अंगठे पडले. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय, लांब होईल.

माझी आत्या, वय ७१. आजोबांचे दोन गट, एक विहिरीखालचा बागायती, दुसरा माळाचा. वाटपाचा दावा २०१६ चा. २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर ९० दिवसांची ती देशभरची मध्यस्थी मोहीम होती, राष्ट्रासाठी मध्यस्थी म्हणून, त्यात आमचा दावा गेला. वाटपाचे दावे त्या यादीत होतेच. रेकॉर्डरूमशेजारची खोली, भिंतीला मोहिमेचा फ्लेक्स, दारात पुढची पार्टी ताटकळत. बोलणं सगळं मराठीत झालं, मी स्वतः बसलो होतो. ठरलं काय, तर आत्याने माळाच्या गटातला हक्क सोडायचा आणि विहिरीखालचे ३० गुंठे तिच्या नावावर. चुलते पण हो म्हणाले. आठ दिवसांनी मसुदा आला तो इंग्रजीत, पाच पानं. मी त्या दिवशी नव्हतो. आमचे वकील दुसऱ्या कोर्टात उभे होते, ज्युनियर आला होता. आत्याला बोटाने दाखवलं, इथं सही, इथं सही, इथं पण. न्यायाधीश साहेबांनी विचारलं मजकूर कबूल आहे का, आत्या म्हणाली हो. मिटलं. हुकूमनामा झाला.

नंतर तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तेव्हा कळलं की दोन्ही गटातनं नाव कमी होतंय, आणि ३० गुंठ्यांच्या जागी एक रक्कम लिहिलीय. ती नोटीस मराठीत होती म्हणून कळलं! आत्याने ती तीनदा वाचली आणि घडी घालून पोथीत ठेवली, कुणाशी दोन दिवस बोलली नाही.

मोहिमेच्या आकड्यात हे प्रकरण "यशस्वी" म्हणून मोजलं गेलंय. माझं म्हणणं एवढंच, की मिटलेल्या केसा मोजायच्या आणि कुणाचं काय गेलं ते बघायचं नाही, ह्याला न्याय म्हणू नका.

काळा_कोट

वाईट झालं, पण एका केसवरून सगळी मध्यस्थी झोडपू नका. मी १२ वर्षं मध्यस्थ म्हणून बसतोय, ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन. मध्यस्थ निकाल देत नाही, कुणाचा हिस्सा किती ते सांगत नाही, आणि नाही पटलं तर कोणत्याही क्षणी उठून जाता येतं, दावा होता तिथून पुढे चालतो. खोलीत बोललेलं कोर्टापुढे वापरता येत नाही. तुमच्याकडे बिघडलं ते मसुद्यात आणि तुमच्या वकिलाच्या गैरहजेरीत. तो राग त्यांच्यावर काढा.

आणि कोर्टातून वाटप म्हणजे काय ते माहीत असेलच. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे, तिथून तहसीलदार, मग मोजणी, सरस-निरस (जमीन चांगली की हलकी ते ठरवणं), वाटपाचे तक्ते, हरकती, अपील. माझ्याकडे दोन भाऊ आले होते, हुकूमनामा हातात पडून ११ वर्षं झालेली आणि बांध एक इंच हललेला नाही. तीन बैठकीत दोघांनी मिळून नकाशावर पेन्सिलने रेघ मारली. ती रेघ कुठल्याही कोर्टाला मारता आली नसती.

गावकुसाबाहेर

ती पोस्ट माझी होती. मागे घेणार नाही.

माझ्या वडिलांनी २२ वर्षं दावा चालवला. दर तारखेला एसटीने जायचे, डब्यात भाकरी, पिशवीत कागद, संध्याकाळी परत, पुढची तारीख. वडील गेले, वारस लावायला पुन्हा दोन वर्षं. शेवटी जिंकलो. जिंकलो तेव्हा जिच्यासाठी भांडलो ती विहीर बुजलेली होती आणि समोरचा काका पण गेलेला. दोघांची पोरं आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटतं पण माझ्या बापाच्या २२ वर्षांचा हिशोब कुणी द्यायचा? कुणीतरी मध्ये बसवून "अरे बोला रे" म्हणालं असतं तर दोघे बोलले असते, मला खात्री आहे. बसवलंच नाही कुणी.

माहेरवाशीण

गावकुसाबाहेर दादा, तुमच्या वडिलांचं वाचून गलबलून आलं, पण तिथे दोघे भाऊ होते. बरोबरीचे. बहीण विरुद्ध भाऊ असेल तेव्हा त्या खोलीत काय होतं ते मी भोगलंय. मला मध्यस्थ म्हणाले, ताई, तीन एकर मोठं की माहेर मोठं? भावाला असं कुणी विचारलं नाही, की बाबा तुला बहीण मोठी की तीन एकर!

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशात २००५ ला, बाप २००५ आधी गेला असला तरी हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्माच्या निकालात २०२० ला स्पष्ट केलं. इतकी वर्षं लागली कायद्याला. आणि त्या खोलीत अर्ध्या तासात हक्कसोड होते, वर सगळे म्हणतात किती समजूतदार बाई. मी सही केली नाही. दावा चालू आहे, रक्षाबंधनाला फोन येत नाही. चालेल.

काळा_कोट

ताई, तो मध्यस्थ चुकला. असं विचारणं म्हणजे सल्ला देणं नव्हे, दबाव टाकणं आहे, प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात की हे करायचं नाही. मी त्यांची बाजू घेणार नाही.

दमलेला_उद्योजक

तुमचं निदान मर्जीचं आहे, आमचं सक्तीचं आहे ते ऐका. माझं छोटं वर्कशॉप, जॉबवर्क. एका पार्टीने बिल बुडवलं. दावा लावायला गेलो तर वकील म्हणाले व्यापारी दावा आहे, ३ लाखांच्या वर, आधी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली मध्यस्थीचा अर्ज, नाहीतर दावा दाखलच होणार नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ ला पाटील ऑटोमेशनमध्ये हे सक्तीचं केलंय. बरं केला अर्ज. समोरच्याला नोटीस गेली, आला नाही. पुन्हा नोटीस, पुन्हा नाही. मग मला कागद मिळाला की मध्यस्थी सुरूच होऊ शकली नाही. ह्या सगळ्यात त्याने मशिनरी हलवली. ज्याला द्यायचंच नाही त्याच्याशी कसली मध्यस्थी? न येणाऱ्याला काहीच नाही आणि येणाऱ्याचे महिने गेले.

काळा_कोट

तो काळ दावा लावायच्या मुदतीत धरत नाहीत, आणि मशिनरी हलवतोय म्हटल्यावर तातडीचा मनाई अर्ज जोडला असता तर १२अ ची अट लागत नव्हती. तुमच्या वकिलांनी ते बघायला हवं होतं.

दमलेला_उद्योजक

प्रत्येक वेळी वकिलानेच चूक केली होती असं कसं हो साहेब? आत्याचा वकील, माझा वकील, ताईंचा मध्यस्थ. ज्या व्यवस्थेत सगळेच चुकतात तिच्यात काहीतरी खोट असणार ना?

कोल्हापूरकर_७

कोर्टं जवळ आणा, मध्यस्थीची गरजच पडणार नाही! आमच्या कोल्हापूरच्या हायकोर्ट सर्किट बेंचसाठी चार दशकं आंदोलनं झाली, १८ ऑगस्ट २०२५ ला एकदाचं सुरू झालं, सहा जिल्हे जोडले. त्याआधी मुंबईला रात्रभर प्रवास करून तीन मिनिटांची सुनावणी. खंडपीठ कायमचं झालं पाहिजे ह्यावर कुणी बोलत नाही.

गावकुसाबाहेर

विषय वाटपाचा चाललाय. आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने आता सगळ्यालाच सक्ती झालीय, त्यामुळे रडून उपयोग नाही.

काळा_कोट

नाही झाली. २०२१ च्या विधेयकात सक्ती होती, संसदीय समितीने हरकत घेतली, पास झालेल्या कायद्यात दावा लावण्याआधीच्या मध्यस्थीचं कलम ५ ऐच्छिक आहे. आणि ९ ऑक्टोबर २०२३ ला लागू केली ती निवडक कलमं, मध्यस्थी परिषदेची वगैरे, ५ त्यात नव्हतं. ऐकीव माहितीवर दुसऱ्याला रडू नका म्हणू नये.

शिरस्तेदाराचा_मुलगा

सगळे मूळ दुखणं सोडून बोलताय. मसुदा इंग्रजीत का होता? १९९८ ला सरकारने अधिसूचना काढून खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली. हायकोर्टाचं समजू शकतो, तिथे इंग्रजी सांगणारं घटनेचं ३४८ कलम आहे. तालुक्याला काय अडचण? वडील ३१ वर्षं कोर्टात नोकरीला होते, तडजोड पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) हाताने लिहिलेली असायची, मराठीत, एका पानाची, शेवटी ओळ "वाचून दाखवली, बरोबर आहे", खाली अंगठा आणि अंगठा ओळखणाऱ्याची सही. पाच पानी इंग्रजी कुठून आलं हे?

नव्या_सनदेची

आम्हा वकिलांकडून आलं. शिक्षण इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, तयार नमुने इंग्रजीत. रोज सहा बोर्ड (कोर्टाच्या कामाच्या याद्या) असतात, नमुना उघडायचा, नावं आणि गटनंबर बदलायचे. वर हायकोर्टात गेलं की इंग्रजी भाषांतर द्यावंच लागतं. हौस म्हणून नाही करत कुणी.

बांधावरचा

म्हणजे माझ्या आत्याच्या पाच पानांत दुसऱ्या कुणाच्यातरी तडजोडीची पानं असू शकतात. हेच ना?

नव्या_सनदेची

असू शकतात. मी ते लपवत नाहीये. पण मराठीत असतं तरी कळलं असतं का? "सदरहू मिळकतीमधील अविभक्त हिस्स्याबाबतचे सर्व हक्क, हितसंबंध..." असं लिहितात. तूर्तातूर्त ताकीद, दरखास्त, कैफियत. आम्हालाच कळत नाही, ७१ वर्षांच्या बाईला काय कळणार?

बांधावरचा

ताई इथे तुम्ही साफ चुकताय आणि मला खरंच राग आला. दरखास्त, कैफियत, हुकूमनामा, बेलीफ हे शब्द माझ्या आत्याने लग्नाआधीपासून ऐकलेत. सरस-निरस म्हणजे काय ते ती तुम्हाला पायाने चालून दाखवेल, इथली माती काळी, इथून पुढे मुरूम, म्हणून ह्या बाजूला चार गुंठे जास्त द्यायचे. "हक्कसोड" हा शब्द दिसला असता तर पेन खाली ठेवलं असतं तिने. ती अडाणी नाही, सातवी शिकलीय. कागद तिच्या भाषेत नव्हता एवढंच.

माहेरवाशीण

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं अगदी असंच.

नव्या_सनदेची

ठीक आहे, शब्द मागे घेते. शहरात वाढले, मला मुरूम कळत नाही हे खरं. पण मराठी मसुदा करायला वेळ कोण देणार? मशीनला देऊन बघितलं, हक्कसोडपत्राचं "सुटकेचा करार" करून दिलं. ते तपासायला पुन्हा मीच.

शिरस्तेदाराचा_मुलगा

तपासा मग. फी घेता ना? एक पान लिहायला अर्धा तास लागतो, वडील दिवसाला दहा तपासायचे.

नव्या_सनदेची

तुमच्या वडिलांना पगार होता. आम्हाला पक्षकार शेवटची फी मिटल्यावर बुडवतो. ज्युनियरला महिन्याला काय मिळतं ते विचारा कधी.

गावकुसाबाहेर

बास करा दोघं. मी एक मान्य करतो, मनाविरुद्ध करतोय पण करतो. वाचून न दाखवलेल्या कागदावर मिटवण्यापेक्षा न मिटलेलं बरं. खर्च बसवा म्हणालो होतो तेवढं मागे. बाकीचं नाही. बोलायला बसवलंच पाहिजे, माझ्या बापाला कुणी बसवलं नाही.

काळा_कोट

बांधावरचा, वाद राहू दे, कामाचं ऐका. नवा दावा लावू नका, कुणी सांगितलं तरी. तडजोडीच्या हुकूमनाम्याविरुद्ध वेगळा दावा चालत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर २३ रूल ३अ आडवा येतो. ज्या कोर्टाने हुकूमनामा केला त्याच कोर्टात अर्ज द्या, की ही तडजोड कायदेशीर नाही, मजकूर समजावून दिला नव्हता, ठरलं होतं ते हे नाही. आत्याचं शपथपत्र मराठीत द्या आणि ते तिच्याच शब्दांत असू द्या, मुरूम आणि काळी माती सकट. बैठकीत काय बोलणं झालं ते शपथपत्रात किती घ्यायचं ते मात्र वकिलाला विचारा, ते गोपनीय असतं. फेरफारावर हरकत घेतली का? पंधरा दिवस असतात.

बांधावरचा

हरकत तेराव्या दिवशी दिली, आत्या स्वतः आली होती. अर्जाचं ३अ चं माहीत नव्हतं, आमचे वकील नवाच दावा लावू म्हणत होते. तुमचं बरंच म्हणणं मला अजून पटलेलं नाही, पण ह्याबद्दल आभार.

शिरस्तेदाराचा_मुलगा

हरकतीची पोच घेतली का? शिक्का आणि तारखेसकट?

बांधावरचा

घेतली. त्या नोटिशीबरोबर पोथीत आहे.