मदत हवी आहे: अ‍ॅसिटोनला टिकणारं सील थ्रीडी प्रिंट करता येईल का?

नमस्कार मंडळी, आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या डोसिंग पंपाच्या (मोजून द्रव सोडणाऱ्या पंपाच्या) झाकणाचं सील वेड्यावाकड्या आकाराचं आहे, रेडीमेड ओ-रिंग (गोल रबरी कडं) बसतच नाही, म्हणून मी टीपीयू या रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकमध्ये (कडकपणा ९५ए) प्रिंट केलं. पाण्यावर टेस्ट केली तर थेंबभरही गळालं नाही, पण अ‍ॅसिटोन सोडल्यावर दोन दिवसांत सील फुगून खाचेबाहेर आलं. जो तो म्हणतो व्हायटॉन रबर टाक, अहो पण व्हायटॉन अ‍ॅसिटोनमध्ये फुगतं, तिथे ईपीडीएम हे दुसरं रबर लागतं आणि ते माझ्या फिलामेंटच्या (प्लॅस्टिकची तार वितळवणाऱ्या) प्रिंटरवर निघत नाही. टेफ्लॉनचंही तेच, तापवलं तरी नोझलमधून वाहत नाही.

आता वाटतंय की सील प्रिंट करायचा नाद सोडून झाकणच पॉलिप्रॉपिलीनमध्ये प्रिंट करावं आणि त्यात गोल खाच ठेवून रेडीमेड ईपीडीएम ओ-रिंग २०-२५ टक्के दबेल अशी बसवावी. पण पॉलिप्रॉपिलीन प्रिंटरच्या बेडवरून कडेने उचलतं, आणि खाचेत लेयरच्या रेघा राहिल्या की तिथूनच गळणार ना? खाच लेथवर फिरवून घ्यावी का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, पंपाशेजारी माणसं उभी असतात आणि अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये.