तीन वेळा हरलेल्या ब्रायन यांची कारकीर्द वाया गेली का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
गावच्या वाचनालयात मला शेतकऱ्याचे कर्ज आणि शेतमालाचे भाव या विषयावर बोलायचे आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना १८९६ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली ती चांदीच्या नाण्याची बाजू मांडणाऱ्या शिकागोतील भाषणामुळे. चांदीने कर्जबाजारी शेतकऱ्याचे भले कसे होणार होते? आणि १८९६, १९०० व १९०८ या तिन्ही निवडणुका हरल्यावर त्यांच्या पदरी काय उरले?

उत्तर (हिंगणघाट)
दादा, अमेरिकेचे चलन सोन्याला बांधलेले होते आणि सोने अपुरे पडत होते, त्यामुळे गहू-कापसाचे भाव वर्षानुवर्षे उतरत गेले. कर्जाचा आकडा मात्र तोच राहिला, म्हणजे तोच हप्ता फेडायला दरवर्षी अधिक माल विकावा लागे. सोळा भाग चांदी एक भाग सोन्याबरोबर धरून हवी तेवढी नाणी पाडावीत, म्हणजे चलन वाढून भाव चढतील, ही ब्रायन यांची मागणी होती. यात आपलाही संबंध येतो. जून १८९३ मध्ये भारतातील इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडणे बंद केले, चांदीचा भाव कोसळला आणि त्याच वर्षी अमेरिकेने सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. तेव्हा प्रतिनिधिगृहात (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) असलेल्या ब्रायन यांनी तो कायदा रद्द करण्याला कडाडून विरोध केला होता. मात्र महागाई वाढली तर पगारावर जगणाऱ्या शहरी कामगाराचे काय, याचे पटणारे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, असे मला वाटते.

उत्तर (मोर्शी)
कारकीर्द वाया गेली हे मला मुळीच मान्य नाही. आयकर आणि सिनेटरांची (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यांची) थेट जनतेकडून निवड या दोन्ही गोष्टींसाठी ते झटले आणि १९१३ मध्ये दोन्ही घटनादुरुस्त्या अमलात आल्या. सिनेटविषयीची दुरुस्ती तर परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनीच जाहीर केली. जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यानंतर जर्मनीला पाठवायच्या कडक खलित्यामुळे देश युद्धात ओढला जाईल, या भीतीने १९१५ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. भारत पाहून गेल्यावर त्यांनी इंग्रजी राजवटीवर उघड टीकाही लिहिली होती.

उत्तर (वणी)
मोर्शीच्या ताईंशी मी बव्हंशी सहमत आहे, पण एक गोष्ट झाकून ठेवू नये. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार ब्रायन यांच्याच पक्षाचे लोक हिरावून घेत होते, तेव्हा ब्रायन त्या कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून त्यांचे नाव घेताना, त्या हाकेत कोणता शेतकरी धरलाच नव्हता, हेही वाचनालयात सांगावे.