जवळजवळ 14 लाख भरले, फिटले दीड लाख!

वाल्हेकरवाडीकर
परवा जेवताना बाबांनी विचारलं, "घराचं कर्ज किती फिटलं रे?" म्हणून बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट काढलं. 2024-25 मध्ये हप्त्यांचे 3 लाख 90 हजार गेले. त्यात व्याज 3 लाख 63 हजार. मुद्दलात 27 हजार. वर्षभरात!

ऑगस्ट 2021 मध्ये 40 लाख घेतले होते. 6.9 टक्के, 20 वर्षं, हप्ता 30,772. एकूण परतफेड 74 लाखांच्या आत. मग मे 2022 पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून साडेसहापर्यंत चढला आणि माझा दर झाला 9.4. हप्ता मात्र 1,737 नेच वाढला, म्हटलं थोडक्यात सुटलो. मुदत ताणून 2053 केल्याचं एका एसएमएसच्या शेपटाला होतं म्हणे. ओटीपींच्या गर्दीत मी तो कधीच उडवला असणार. 2053 ला मी 66 चा असेन.

शिल्लक 38 लाख 45 हजार. बाबांना नुसतं "चाललंय" म्हणालो. न विचारता असं करता येतं का? आणि आता करू काय?

निवृत्त कारकून
32 वर्षं काउंटरच्या पलीकडे बसलोय, म्हणून सांगतो. तेव्हाच्या 39 लाखांवर 9.4 ने महिन्याचं व्याजच साडेतीस हजार होतं. जुना हप्ता ठेवला असता तर मुद्दलात दोन-अडीचशे रुपये पडले असते. म्हणून मुदत ताणली. हिशोब चोख आहे, पण विचारायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आहे: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, ते ग्राहकाने ठरवायचं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

दर 9.4 च धरून 2041 ला संपवायचं तर हप्ता साधारण 38,400 येतो. म्हणजे महिना सहा हजार जास्त. पण शेवटपर्यंत मिळून 33 लाखांच्या आसपास वाचतात.

मीनल, ठाणे
स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वर बँक जो टक्का लावते, तो पण बघा. नव्या ग्राहकापेक्षा मी पाऊण टक्का जास्त भरत होते, आणि हे मला कोणी आपणहून सांगितलं नाही. थोडं शुल्क भरून कमी करून मिळाला. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र पिशवीत घालून गेले होते, ते बाहेर काढल्यावरच साहेबांचा सूर बदलला. आणि 9 एप्रिल 2025 ला रेपो 6 वर आला. दर उतरला तरी हप्ता उतरू देऊ नका.

खर्चिक
सहा हजार म्हणायला सोपं आहे. आमच्याकडे व्हॅनवाल्याने जूनपासून तीनशे वाढवलेत, तेच जड जातंय. हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसेल तर आधी तो साठवा. घर विटांचं असतं, दवाखान्यात विटा चालत नाहीत.

मला वाटतं बोनस आला की तेवढा मुद्दलात टाकावा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर तुमच्या-आमच्यासारख्यांना त्याचा दंड नाही.

वाल्हेकरवाडीकर
आज अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेलो. बाई म्हणाल्या, "सर, सगळे हप्ताच बघतात हो, मुदत कोण बघतं?" अर्ज दिला. शिक्का मारायला दोनदा मागे लागावं लागलं. स्कूटरचा 5,800 चा हप्ता जूनमध्ये संपतोय, तो इकडे वळवतो. वरचे दोन-तीनशे निघतील कुठूनतरी.

पोच बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून आधी शिक्क्यावरची तारीख वाचली, मग आकडा विचारला आणि आपल्या डायरीत लिहून ठेवला: 38,45,000. पुढच्या एप्रिलला परत विचारणार आहेत.