पार्किंगमधली येझदी

ए-१०१ (सचिव): नमस्कार. सोमवारपासून सोसायटीच्या पार्किंगच्या फरशीचं आणि भिंतींच्या रंगाचं काम सुरू होतंय. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी गाड्या बाहेर काढाव्यात. बी विंगच्या जिन्याखाली ताडपत्री घातलेली एक जुनी मोटारसायकल आहे, ती कोणाची? वापरात नसेल तर भंगारवाला शनिवारी येणारच आहे, त्याला सांगतो.

बी-२०२: सर, ती आमची. बाबांची येझदी. भंगारात द्यायची नाही, मी हलवतो.

सी-१०३: दादा, ती येझदी आहे? रोज तिच्या शेजारी गाडी लावतो, ताडपत्रीमुळे कधी कळलंच नाही. कुठली, रोडकिंग?

बी-२०२: हो, रोडकिंग. १९८६ची. बाबा गेल्यापासून बंद आहे, म्हणजे तीन वर्षं होतील आता गणपतीत.

सी-३०१: अरे, येझदी आपल्या सोसायटीत आहे आणि मला पत्ता नाही! सी-१०३, तुझी नवी जावा आहे ना, तिचं घराणं हेच. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना होता, १९६१ पासून जावा आणि नंतर येझदी तिथेच व्हायच्या. १९९६ला कारखाना बंद पडला. तुमच्या नव्या गाड्या २०१८ नंतरच्या. जुनीची गंमत वेगळी. किकला आणि गिअरला मिळून एकच दांडी. डाव्या पायाशी असते. आत दाबायची आणि वर फिरवायची, झाली किक. इंजिन लागलं की तीच पुढे पाडायची, झाला गिअर. नवख्या माणसाच्या हातात गाडी दिली की तो उजव्या बाजूला किक शोधत बसायचा.

सी-१०३: काका, खरंच एकच दांडी?

सी-३०१: खाली ये, दाखवतो. आधी बी-२०२ची परवानगी घे.

ए-३०४: मोटारसायकल म्हटलं की मला अजून ‘अंदाज’मधलं गाणंच आठवतं. राजेश खन्ना, मागे हेमा मालिनी, आणि किशोरकुमारचं ते यॉडलिंग. आमच्या गावात गणपतीला भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे. आरती झाली की रात्रभर ओळीने तीन सिनेमे. अंगणात चटया टाकून अख्खी वाडी बसायची. ‘शोले’ला मात्र मुलं पडद्याजवळ सरकायची, साइडकारचं गाणं येणार म्हणून. मी आणि माझा भाऊ दुसऱ्या दिवशी सायकलला दोरीने लाकडी खोका बांधून त्यात बसायचो.

सी-३०१: ताई, एक गोष्ट बघा. ‘अंदाज’ १९७१चा आणि ‘शोले’ १९७५चा, दोन्ही रमेश सिप्पींचे. ‘अंदाज’ तर त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. आपल्याकडची मोटारसायकलवरची दोन सगळ्यात लाडकी गाणी एकाच माणसाने चार वर्षांत दिली. ‘शोले’तली गाडी बीएसए, इंग्लंडची. आणि ते खडक कर्नाटकात रामनगरचे. मी सुट्टीवर असताना मुद्दाम बघून आलो होतो.

बी-४०१: बॉबी विसरू नका! १९७३. ऋषी कपूरची ती छोट्या चाकांची राजदूत. लोक दुकानात जाऊन ‘बॉबी गाडी’ द्या म्हणायचे. मूळ नाव जीटीएस, ते कोणी घेतलंच नाही. आमच्याकडे मालवणात मोठी राजदूत होती, वडील तिच्यावरून मासळी न्यायचे. मागे दोन्ही बाजूंना टोपल्या, वरून ओलं गोणपाट. आवाजार कळायचा, बापूस इलो म्हणान. आई लगेच चुलीर चायचा आधण ठेवायची.

ए-३०४: हे वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सी-३०१: बोटीवर असताना आमच्या मेसमध्ये ‘द ग्रेट एस्केप’ची कॅसेट होती. १९६३चा सिनेमा. स्टीव्ह मॅक्वीन जर्मनांच्या छावणीतून निसटून मोटारसायकलवर पळतो आणि काटेरी तारेवरून गाडी उडवतो. ती उडी त्याची नव्हे, बड एकिन्स नावाच्या त्याच्या दोस्ताची, आणि गाडी ट्रायम्फ, जर्मन दिसावी म्हणून रंगवलेली. समुद्रात आठवडेच्या आठवडे जमीन दिसायची नाही तेव्हा आम्ही ती कॅसेट किती वेळा लावली असेल! इंजिनरूमची पाळी संपवून यायचो आणि फक्त तेवढा भाग बघायचो. मोकळं गवत आणि एकटा माणूस. पळणाऱ्याच्या मागे कोणी बसलेलं नसतं.

बी-२०२: काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. कालपासून ताडपत्रीकडे बघून मनात हेच येत होतं, नीट सांगता येत नव्हतं. जरा लांब लिहितो, सगळ्यांनी सांभाळून घ्या.

‘मुकद्दर का सिकंदर’ मला लहानपणी फार आवडायचा. १९७८चा. अमिताभ मोटारसायकलवरून मुंबईभर गाणं म्हणत जातो. बाबांना विचारलं होतं, तुम्हाला का नाही आवडत हे? ते म्हणाले, “त्याची मागची सीट बघ. रिकामी आहे.” तेव्हा काही कळलं नव्हतं.

आम्ही तेव्हा पावसला राहायचो. बाबा तिथल्या विकास सोसायटीत कारकून, आई गावखडीच्या शाळेत शिक्षिका. पूर्णगड आणि गावखडी समोरासमोर, मध्ये मुचकुंदीची खाडी. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. बाबा सकाळी आईला येझदीवरून पूर्णगडच्या धक्क्यापर्यंत सोडायचे, ती तरीत, म्हणजे नावेत, बसून पलीकडे जायची. संध्याकाळी बाबा पुन्हा धक्क्यावर. खाडीवरून आवाज फार लांब जातो. येझदीला दोन सायलेन्सर, आणि आवाज म्हणजे पोकळ डब्यात कोणी हळूहळू टकटक करतंय असा. आई सांगते, शाळेतल्या मुलांना तो आवाज पाठ होता. कोणीतरी ओरडायचं, “बाई, तुमची गाडी आली!” मग आई फळा पुसायची, छत्री घ्यायची आणि तरीकडे निघायची. घड्याळ बघायची गरज नव्हती.

पावसाळ्यात गाडी खूप छळायची. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. जरा जास्त पडलं की प्लग काळा. बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम एक जास्तीचा प्लग, फडक्यात गुंडाळलेला, आणि पॉलिश पेपरचा छोटा तुकडा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, भर पावसात गाडी बंद पडली की आई छत्री धरायची, ती स्वतःवर नाही, इंजिनवर. बाबा गुडघे टेकून प्लग काढायचे, घासायचे, फुंकर मारायचे, बोटाने पुन्हा फिरवून बसवायचे. मग कार्बोरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं आणि किक. लागली की दोघं एकमेकांकडे बघायची. मी टाकीवर बसलेला असायचो, मला ते बघणं स्वच्छ आठवतं. माझ्या गुडघ्यांना टाकी गार लागायची आणि पायांना इंजिनची ऊब.

ए-३०४ ताई, तुमचं ‘अंदाज’चं गाणं बाबा फार छान म्हणायचे, यॉडलिंगसकट. पण गाडीवर आई म्हणू द्यायची नाही. कारण सिनेमात राजेश खन्ना पुढे मोटारसायकलच्या अपघातातच जातो. आई म्हणायची, “घरात म्हणा, न्हाणीघरात म्हणा, गाडीवर नको.” बाबांनी ते आयुष्यभर पाळलं. पूर्णगडहून परत येताना नुसती शीळ वाजवायचे, शब्द नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे जी मोटारसायकलची गाणी लोकांच्या मनात राहिली त्यांत बहुतेकदा कोणीतरी मागे असतं, नाहीतर साइडकारमध्ये असतं. आपल्या गावांतही गाडी कोणालातरी सोडायला आणि आणायलाच निघायची. दवाखान्यात, तरीवर, एसटी स्टँडवर, माहेरी. निव्वळ फिरायला म्हणून बाबा एकदाच गेले, आंबा घाटाने कोल्हापूरला, तेही आईला घेऊन.

सी-३०१: अरे, काय लिहिलंस. दोनदा वाचलं.

बी-४०१: माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, राजदूतवर मी पण अशीच बसायचे, टोपल्या असल्या की जागा नसायची, पण बसायचे.

ए-३०४: छत्री इंजिनवर धरली हे मी आज घरात सगळ्यांना सांगणार.

ए-१०१ (सचिव): गाडीबद्दल मी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. मनापासून. रंगकाम होईपर्यंत येझदी माझ्या वेगळ्या कव्हर्ड पार्किंगमध्ये ठेवा, माझी कार आठवडाभर बाहेर राहील. पाऊस आला तरी कारला काही होत नाही.

सी-१०३: दादा, गाडी चालू होईल का?

बी-२०२: इंजिन जाम नसेल तर होईल. तीन वर्षांचं पेट्रोल टाकीत आहे, ते काढून टाकावं लागेल. टाकीला आतून गंज असेल, खारा वारा सोडत नाही कोणाला. क्लच केबल नक्की गेली असणार.

सी-३०१: मी येतो. आयुष्यभर इंजिनंच बघितली. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून रात्रभर ठेवू, मग दांडी हाताने हळू फिरवून बघू. एकदम किक कोणी मारायची नाही. इग्निशनचे पॉइंट साफ करू, कार्बोरेटर उघडून धुऊ. टायर मात्र नवेच हवेत.

सी-१०३: टायर आणि केबल मी आणतो. रत्नागिरीत मिळाले नाहीत तर कोल्हापूरहून मागवतो, तिथे जुन्या गाड्यांचं सामान मिळतं.

ए-१०१ (सचिव): कागदपत्रं?

बी-२०२: नोंदणी बाबांनी २०२२मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली होती, २०२७पर्यंत आहे. आरटीओत तपासणीला ते स्वतः गाडी चालवत गेले होते, वय ७४. विमा आणि पीयूसी करावं लागेल, ते मी बघतो.

बी-४०१: चालू झाली की आरे-वारेला जाऊ या सगळे. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. वरच्या वळणावर दोन्ही किनारे दिसतात तिथे थांबू.

ए-३०४: मी घावणे आणि चटणी करून देते सगळ्यांना.

बी-२०२ (काकू): मुलाने आत्ता मोबाईल हातात दिला. सगळं वाचलं, चष्मा दोनदा पुसावा लागला. एक दुरुस्ती करते. छत्री इंजिनवर धरायचे हे खरं, पण ती ह्यांनीच सांगितली होती, पहिल्या वेळी मी ह्यांच्या डोक्यावर धरली होती. मी भिजेन पण प्लग भिजता कामा नये, म्हणाले.

आणि आरे-वारेला आधी नको. आधी पूर्णगडला न्या. आता पूल आहे, गाडी थेट पलीकडे जाईल. त्या पुलावरून मी येझदीवर कधी गेले नाही. पूल झाला तेव्हा माझी बदली झाली होती.

सी-३०१: वहिनी, पूर्णगडलाच जायचं. ठरलं.

सी-१०३: काकू, चालवणार दादा. मागे कोण बसणार?

बी-२०२ (काकू): मी. हेल्मेट माझ्या मापाचं आणा, ह्यांचं मला मोठं होतं.