मदत हवी आहे: लिग्निनचे तंतू भट्टीत एकमेकांना चिकटतात

कागद गिरणीच्या ब्लॅक लिकरमधून (लाकूड शिजवल्यावर उरणारं काळं द्रावण) काढलेलं क्राफ्ट लिग्निन (लाकडातले तंतू बांधून ठेवणारा पदार्थ) वापरून कार्बन फायबर करतोय. लाकूड निलगिरीचं. लिग्निन छान वितळतं, तंतूही ओढता येतात. घोडं अडतं ते स्टॅबिलायझेशनला, म्हणजे कार्बन करण्याआधी तंतू न वितळणारे करण्याच्या टप्प्याला. हवेत मिनिटाला 1 अंश या वेगाने 250 अंश सेल्सिअसपर्यंत नेतो, आणि भट्टीतून तंतूंऐवजी एक काळा पापुद्रा बाहेर येतो. जे थोडे सुटे राहतात ते नायट्रोजनमध्ये 1000 अंशांवर कार्बन होतात खरे, पण चिमट्याने उचलतानाच मोडतात.

पॅन (पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, कार्बन फायबरचा नेहमीचा कच्चा माल) वापरा असं कृपया सुचवू नका. तयार फायबरच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग त्या कच्च्या मालातच जातो, शिवाय तो पेट्रोलियमचा. तेच टाळायचंय.

तापवण्याचा वेग आणखी उतरवू? पाइनचं लिग्निन घेऊ? की पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर) मिसळू?

प्रतिसाद १
आधी वेग. लिग्निनचा टीजी (ज्या तापमानाला ते मऊ पडू लागतं) सतत भट्टीच्या तापमानाच्या पुढे राहायला हवा. ऑक्सिजनमुळे रेणू आपसात जोडले जातात तसा तो वर चढतो, पण त्याला वेळ लागतो. भट्टीने गाठलं की तंतू मऊ पडले आणि चिकटलेच. मिनिटाला 0.1 अंश करून बघा. कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

निलगिरीच्या लिग्निनमध्ये सिरिंजिल घटक जास्त. त्यांच्या जोडणीच्या जागा मेथॉक्सी गटांनी अडवलेल्या असतात, म्हणून ते सहज वितळतं आणि म्हणूनच पक्कं व्हायला वेळ घेतं. पाइनचं भराभर पक्कं होतं, पण नुसतं घेतलं तर वितळायच्या आधीच करपतं. दोन्ही मिसळून पाहा. पीईओने तंतू ओढणं सोपं जातं, पण प्रमाण वाढलं की चिकटणंही वाढतं.

प्रतिसाद २
मोडण्याचं कारण मला वेगळं वाटतं. क्राफ्ट लिग्निनमध्ये सोडियमचे क्षार राहतात आणि उडून जाणारे पदार्थही. दोन्हींमुळे तंतूत पोकळ्या पडतात, तुटायला तेवढं पुरतं. सौम्य आम्लाने धुवा, मग निर्वातात तापवून वाळवा. राख (लिग्निन जाळल्यावर उरणारे क्षार) 0.1 टक्क्याच्या खाली हवी.

आणि ताकदीची अपेक्षा बेताची ठेवा. लिग्निनचे फायबर बहुतेक 1 गिगापास्कलच्या आतच राहतात, पॅनपासून केलेलं साधं टी300 फायबर साडेतीनच्या आसपास जातं. विमानाचं सोडा, इन्सुलेशन किंवा इलेक्ट्रोडसाठी मात्र चालतील.

धागाकर्ता
धन्यवाद. राख मोजलीच नव्हती, ती आधी बघतो. धुताना आम्ल कोणतं, सल्फ्युरिक की हायड्रोक्लोरिक?

प्रतिसाद २
दोन्ही चालतात. शेवटी पाण्याने भरपूर धुवा, आम्ल आत राहता कामा नये.