चेन सॉच्या चेनला धार लावायचं जुनं ग्राइंडर मिळतंय, घेऊ का?

बागवाला_दापोली

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे. पाऊस सरला की आसपासच्या बागांतली छाटणीची आणि वाळलेली झाडं उतरवायची कामंही घेतो. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात आमच्याकडे झाडं आडवी झाली तेव्हा पहिला चेन सॉ घेतला आणि तेव्हापासून हे काम मागे लागलं ते लागलंच. सध्या दोन मशिनी आहेत. फांद्यांना स्टिल एमएस १८०, बुंध्यांना एमएस ३८२.

धार आजवर गोल कानशीनेच लावत आलो. रोजच्या बोथटपणाला ती पुरते. पण आमच्याकडची जुनी झाडं गडग्याला लागून उभी, आणि कुंपणाची काटेरी तार खोडाने कधीच गिळून टाकलेली असते, बाहेरून दिसतही नाही. चेन तारेवर गेली की एका बाजूचे दात खलास. ते कानशीने मागे आणता आणता दुपार जाते, आणि शेवटी डावे-उजवे दात सारखे राहत नाहीत ते नाहीतच. मग मशीन सरळ कापत नाही, ओंडक्यात तिरकं शिरतं आणि चेन जिच्यावर फिरते ती पट्टी अडकते. सगळ्या चेन बाहेर धारेला पाठवायच्या तर ऐन हंगामात दोन-दोन दिवस मोडतात.

चिपळूणच्या बाजूला एक लाकडाची वखार बंद होतेय. तिथे ओरेगॉन कंपनीचं ५११ए ग्राइंडर आहे, टेबलावर बसवायचं, १४५ मिमीच्या चाकाचं. मालक १५ हजार सांगतायत, सोबत तीन चाकं आणि ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर कशाला, तर मशीन त्यांच्या भावाने अमेरिकेहून आणलेलं, पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं आहे. रविवारी बघायला जाणार आहे. नेमकं काय तपासू? ग्राइंडरने दात निळे पडून वाया जातात असंही ऐकलंय, ते कितपत खरं?

धारवाला_सावंतवाडी

भाऊ, माझं धार लावायचंच दुकान आहे आणि याच जातीचं मशीन रोज चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनं ग्राइंडर बघायला गेलेला माणूस आधी बटण दाबतो आणि मोटर फिरली की खूश होतो. मोटर दुरुस्त होते हो. या मशीनचा जीव आहे चेन धरणाऱ्या जबड्यात आणि डोकं वर-खाली होतं त्या खिळीत. ही दोन झिजली असतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

जाताना स्वतःची एक नवीकोरी चेन घेऊन जा, जिचे सगळे दात सारखे आहेत अशी. वायर काढलेली असू द्या. मोटरची घागर दोन्ही हातांनी धरून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. नजर चाकाच्या कडेवर ठेवा. तिथे हालचाल डोळ्याला दिसली तर खिळीला किंवा ती ज्यात बसते त्या बुशला खेळ आलाय, म्हणजे ती सैल झालीय. चाक दाताला लागताक्षणी डोकं बाजूला सरकणार आणि प्रत्येक दात वेगळा निघणार.

मग चेन जबड्यात घाला, एक डावा दात मागच्या स्टॉपला, म्हणजे दात अडवणाऱ्या तुकड्याला, टेकवा आणि खटका आवळा. आता दाताला बोटाने वर आणि बाजूला ढकला. डुलला, तर जबड्याच्या ओठांची कड गोल झालेली आहे. डुलला नाही तर पुढे जा. जबडा ३० अंशांवर, डोकं ६० अंशांवर लावा, चाक हाताने खाली आणा आणि दाताला जेमतेम स्पर्श होईल असा स्टॉपचा स्क्रू बसवा. आता स्क्रूला हात न लावता जबडा दुसऱ्या बाजूला ३० अंशांवर फिरवा आणि उजवा दात धरा. तिथेही तसाच जेमतेम स्पर्श झाला, तर जबडा मध्यावर आहे. फट राहिली किंवा चाक जास्त आत गेलं तर ते अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) मोजून लिहून आणा. तुमचं मशीन तिरकं शिरतं त्याचं मूळ बहुतेक वेळा याच फरकात असतं, एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड.

निळ्या दाताचं म्हणाल तर ऐकलंय ते खरं आहे, पण दोष मशीनचा नसतो. दात निळा पडला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, ती धार दोन ओंडक्यांत जाते. चाक दाबून धरलं की हे होतं. चाक दाताला टेकवायचं आणि उचलायचं, टेकवायचं आणि उचलायचं, प्रत्येक वेळी क्षणभरच. सगळ्यात खराब दात आधी करून त्याच्या मापाने बाकीचे आणायचे. खूप मागे जायचं असेल तर पूर्ण चेन एकदा थोडी फिरवून घ्यायची, पुन्हा दुसरी फेरी. आणि चाकाचं तोंड चकचकीत दिसायला लागलं की ड्रेसिंगच्या विटेने उघडं करायचं. गुळगुळीत झालेलं चाक कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं.

जुनी तीन चाकं देतायत त्यांच्यासाठी एक पैसा धरू नका. कुठे आपटलीयत, तडा गेलाय का, कोण जाणे. नव्या चाकाचीही परीक्षा करूनच ते चढवायचं: मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर फेकून द्या. चढवल्यावर मिनिटभर मोकळं फिरवायचं आणि तेवढा वेळ त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. गॉगल तर हवाच.

व्होल्टेजचं मला जुजबीच कळतं, ते मोटरवाल्यांनी सांगावं.

रिवाइंडिंग_इचलकरंजी

मोटरचं मी सांगतो.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. ही इंडक्शन मोटर आहे, हिचा वेग हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झवर साधारण ३४०० फेरे देणारी मोटर आपल्या ५० वर २८५० च्या आसपास फिरणार. म्हणजे १४५ मिमीच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला २६ मीटरवरून २१-२२ वर येतो. मशीन चालेल, पण कापायला जरा मंद वाटेल, आणि मंद वाटलं की माणूस दाब वाढवतो. वर धारवाल्यांनी निळ्या दाताचं लिहिलंय, ते असंच घडतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे १२० व्होल्ट ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या मोटरला ५० वर १२० च व्होल्ट दिले तर तिचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते. रिकामी फिरतानाही जास्त करंट खाते आणि तापते. तिला १०० व्होल्टच द्यायला हवेत. वखारवाल्यांचा ट्रान्सफॉर्मर ११० चा असेल तर तोही थोडा जास्तच. बघायला जाल तेव्हा वीस मिनिटं रिकामी चालू ठेवा आणि अंगावर हात ठेवा. हात ठेवून राहवत नसेल तर ती बरीच वर्षं तापत आलीय असं समजा.

पण यावर पक्का इलाज आहे. स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा तारांचा भाग, २३० व्होल्ट ५० हर्ट्झसाठी नव्याने गुंडाळून घ्यायचा. वेढे साधारण २.३ पट होतात, तार त्या मानाने बारीक. कपॅसिटर नवीन हिशोबाने बदलावा लागतो, जुना तसाच लावायचा नाही. छोटी मोटर आहे, कुठलाही बरा वाइंडर करेल. मग ट्रान्सफॉर्मरची कटकट संपली. तेव्हा भाव करताना ट्रान्सफॉर्मर वगळून बोला आणि रिवाइंडिंगचा खर्च किमतीतून कापा.

तोडकरी_आजरा

मी कानशीच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून एवढंच सांगतो: ग्राइंडर आला म्हणून कानस सोडू नका. आम्ही सागावर काम करतो. सागाच्या लाकडातच वाळूचा अंश असतो, धार दिवसातून कितीदा तरी जाते. दर वेळी ग्राइंडरवर धरली तर चेन निम्म्या आयुष्यात संपेल. डिझेल भरायला थांबलो की, म्हणजे पेट्रोल हो, सवयीने डिझेल लिहिलं, तर टाकी भरायला थांबलो की दाताला कानशीचे दोन-तीन हात. एमएस १८० ला ४ मिमीची, ३८२ ला ५.२ ची. तार लागली, दगड लागला, दात असमान झाले, तेव्हाच ग्राइंडर.

आणि दातापुढचा तो बुटका उंचवटा, डेप्थ गेज, तो विसरू नका. दात मागे गेला की तो उंच ठरतो आणि धार असूनही मशीन नुसता भुसा काढते. दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. तो मी चपट्या कानशीनेच करतो, मापाची पट्टी लावून. ग्राइंडरवर अंदाज चुकला आणि जास्त खाली गेला तर मशीन हातात झटके मारते.

बागवाला_दापोली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आलो, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

डोक्याला खेळ नाही, दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. दात जबड्यात डुलत नाही. पण डाव्या दाताला चाक टेकवून जबडा फिरवला तर उजव्या दाताशी ०.४ मिमीची फट राहते. मोटर तापली, वीस मिनिटांनी हात ठेवता येत होता पण फार वेळ नाही. ट्रान्सफॉर्मर ११० चाच निघाला. मालक भला माणूस आहे, मी कागदावर लिहिलेले आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि ट्रान्सफॉर्मर न घेता १० हजारांवर आले. दापोलीतल्या वाइंडरकडे विचारलं, तो करून देतो म्हणाला. धारवाले दादा, ती ०.४ ची फट चालेल का? माझा निर्णय तेवढ्यावर अडलाय.

धारवाला_सावंतवाडी

चालेल, घ्या. खेळ नाही आणि जबडा घट्ट आहे म्हणजे मशीन चांगल्या हातात होतं.

फटीचं असं करा. जबडा पूर्ण खोलून आतला बुरा काढा. वर्षानुवर्षं पोलादाची आणि चाकाची धूळ तेलात कालवून तिथे बसते आणि एक बाजू पूर्ण मिटू देत नाही. डिझेल आणि दातांचा जुना ब्रश पुरतो. मग पुन्हा तीच परीक्षा घ्या, बरीचशी फट तिथेच जाईल. उरली तर घाबरायचं कारण नाही. आपण चेनचे सगळे डावे दात एका दमात करतो आणि मग जबडा एकदाच फिरवून सगळे उजवे. फिरवल्यावर स्टॉपचा स्क्रू उरलेल्या फरकाएवढा पुढे घ्या आणि पहिला उजवा दात झाला की व्हर्नियरने डाव्याशी ताडून बघा. जुळला की पुढचे करत सुटा.

चेन ग्राइंडरवर चढवण्याआधी धुवून घ्या. तुमच्याकडे सालीत जांभ्याची माती भरलेली असते, ती चाकाला लागली की चाक लगेच भरतं. आणि काम झाल्यावर चेन रात्रभर तेलात ठेवा, रिव्हेटमध्ये गेलेली धूळ सुटते.

बागवाला_दापोली

मग उद्याच पैसे देऊन घेऊन येतो. नवीन चाकं कुठल्या मापाची मागवू तेवढं सांगा.

धारवाला_सावंतवाडी

बाहेरचा व्यास १४५, भोक २२.२ मिमी. एमएस १८० च्या चेनला ३.२ जाडीचं, ३८२ ला ४.७ चं. प्रत्येकी एक आणि सोबत ड्रेसिंगची वीट. दुकानदार छोट्या मशीनचं १०८ मिमीचं चाक पुढे करेल, त्याचं भोक २३ चं असतं. ते या मशीनला बसवून घेऊ नका, मध्यावर बसत नाही आणि थरथरतं. चाकावर छापलेले कमाल फेरे मोटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना, ते दुकानातच वाचून घ्या.